तीन इंचांच्या अभिनंदनार्थ

प्रति,
मा. पिकअपमालक,
तालुके जुन्नर व आंबेगाव

विषय : जुन्या पिकअपला तीन इंच उंची बहाल करण्याच्या आपल्या निर्णयाचे जाहीर स्वागत.

शेठ,

आपण गाडीला बॉडी लिफ्ट करणार, ही बातमी आळेफाट्यापासून मंचरपर्यंत गॅरेजसमोरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर पोचली आहे. माझे टोमॅटो आपल्याच गाडीतून नारायणगावच्या बाजारात जातात, त्यामुळे अभिनंदनाचा पहिला मान माझा. 2023च्या जुलैत 20 किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव गेला, तेव्हा तालुक्यात काय काय उंचावले ते आपण पाहिलेच. बंगल्यांवर मजले चढले, लग्नाचे मांडव चढले, डीजेच्या भिंती चढल्या. जुनी पिकअप तेवढी होती तिथेच राहिली. हा अन्याय कधीतरी दूर व्हायलाच हवा होता.

पत्र खुले असल्याने इतरही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडे खुलासेवार लिहितो. पिकअपची चेसिस म्हणजे दोन लांब लोखंडी बीम आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, एक्सल असा सगळा कामाचा संसार तिच्याशी बांधलेला. वर केबिन रबरी माउंटिंगवर बसलेली, मागे हौदा बोल्टने कसलेला. बॉडी लिफ्टमध्ये या वरच्या आणि खालच्या मंडळींच्या मध्ये ठोकळे घालतात. वरचे वर जातात, खालचे खालीच राहतात. डिंभ्याच्या पुढे आहुप्याकडे जाताना दगडाला घासतो तो डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर असतो. धोतर वर खोचले म्हणून ओढ्याचे पाणी कमी होत नाही. माणूस लांबून ऐटदार दिसतो, एवढे मात्र खरे.

आपण म्हणाल, मोठे टायर बसतात की! बरोबर, या उद्योगाचा मूळ हेतू तेवढाच. चाकाच्या वर जागा होते आणि मोठा टायर पत्र्याला घासत नाही. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला, की डिफरन्शियलचा तो गोळा एक इंच वर येतो. म्हणजे तीन इंचांचे ठोकळे आणि चार टायरांचे पैसे खर्चून जमिनीपासून एक इंच कमाई. शिवाय मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, त्यामुळे काटा साठ दाखवत असेल तेव्हा गाडी साठाच्या पुढे असते. आणि माल भरून माळशेज चढताना क्लचचा जो वास येईल, त्याबद्दल मी आत्ताच बोलत नाही. शुभकार्यात अपशकुन नको.

ठोकळे कशाचे घ्यावेत, यावर टपरीवर दोन तट पडल्याचे कळते. अमेरिकेत हौशी मंडळींनी या कामाला आइस हॉकीच्या चकत्याही वापरल्या आहेत. तीन इंच व्यास, एक इंच जाडी, कडक रबर, मधोमध भोक पाडले की ठोकळा तयार. आपल्याकडे बर्फावरचे खेळ नसल्याने लेथवाल्याकडे नायलॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा गोल दांडा कापून घ्यावा लागेल. बाभळीच्या लाकडाची सूचना कोणीतरी केली आहे, ती सोडून द्या. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते, आणि ते आटले की कसलेला बोल्ट ढिला पडतो. एकावर एक तीन चकत्या रचण्याचा स्वस्त मार्गही नको, ठोकळा सलग हवा. बोल्ट मूळ जाडीचा, लांबीने तीन इंच जास्त, डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा असलेला. ज्याच्या डोक्यावर काहीच लिहिलेले नाही, तो पाळणा टांगायलाही वापरू नये.

आता प्रत्यक्ष मंगलकार्य. गाडीने पंधरा पावसाळे पाहिलेत, म्हणजे केबिनचे बोल्ट चेसिसशी सोयरिक करून बसलेले असणार. आदल्या रात्री त्यांच्यावर गंज सोडवायचे तेल मारून ठेवा. सकाळी मिस्त्री पाना लावील, बोल्ट फिरेल, सगळ्यांना आनंद होईल. मग लक्षात येईल की आतला नटही सोबत फिरतोय, कारण त्याला धरून ठेवणारा पत्र्याचा पिंजरा गंजून केव्हाच सुटलाय. मिस्त्री पोराकडे बघेल, पोरगा आपल्याकडे बघेल, आणि आपण गॅस कटर आणायला सांगाल. त्याआधी वरची मॅट आणि तिथून जाणारी वायरिंग बाजूला करायला सांगा, एवढीच विनंती. नंतर एका बाजूचे बोल्ट काढायचे, दुसऱ्या बाजूचे नुसते ढिले ठेवायचे, पत्र्याखाली जाड फळी घालून जॅक हळूहळू चढवायचा.

केबिन वर निघाली की कोण कोण तिच्या मागे ओढले जाते, ते बघण्यासारखे असते. स्टीअरिंगचा दांडा वरून केबिनला धरलेला, खालून चेसिसवरच्या बॉक्सला. ब्रेकचा मास्टर सिलिंडर वर, त्याचे पाइप खाली. हँडब्रेकची केबल, अर्थिंगची पट्टी, झाडून सगळे ताणलेले. रेडिएटर पुढच्या पत्र्यावर असेल तर तो वर जातो आणि पंखा इंजिनाबरोबर खाली राहून त्याच्या कवचाला घासू लागतो. बंपर चेसिसवर, त्यामुळे पुढे तीन इंचांची फट. एक इंचात यातले बरेचसे खपून जाते, तीन इंचांत प्रत्येकाची वेगळी समजूत काढावी लागते. पण खरी गंमत गिअरच्या दांड्याची. तो गिअरबॉक्समधून वर आलेला असल्याने फ्लोअरच्या मानाने तीन इंच बुटका होतो आणि भोकाच्या कडेला अडायला लागतो. पुढचे गिअर पडतील, रिव्हर्स पडेलच असे नाही. बाजारात मागे दोनशे गाड्यांची रांग, समोर व्यापारी, आणि आपली गाडी फक्त पुढे जाणारी! अशी प्रगती बाजाराने अजून पाहिलेली नाही.

हौदाही उचलावा लागेल, नाहीतर केबिन एकीकडे आणि हौदा दुसरीकडे. तो उचलला की फाळका तीन इंच वर. माझ्याकडे कॅरेट भरणारी माणसे खालून 20 किलो उचलून वरच्या थरावर फेकतात. त्यांना ही बातमी मी अजून दिलेली नाही. गाडीचे पासिंग किती आणि आपण भरता किती, हेही इथे लिहीत नाही, कारण पत्र खुले आहे. तेवढा माल तीन इंच वर चढल्यावर वळणावर गाडी कुठे झुकते, ते ओतूरच्या पुढे घाटात आपणच बघाल. शर्यतीचे बैल तर आणखी स्पष्टवक्ते. 2021च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने शर्यतींना मुभा दिल्यापासून रविवारची गाडी बैलांची असते. बांधाला फाळका टेकवला की बैल पायाने अंदाज घेतो, आणि पायरी ओळखीची वाटली नाही तर मागे सरकतो. मग चार माणसे पुढून ओढतात, दोन मागून ढकलतात, आणि शर्यतीच्या घाटात त्याची बारी निघून जाते.

कायद्याचाही आशीर्वाद घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरफार चालत नाही, आणि जानेवारी 2019मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच ठणकावून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नव्याने लिहिलेल्या कलम 182-अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. दर फेरफारामागे, हे शब्द पुन्हा वाचा आणि ठोकळे, टायर, बंपर असे बोटांवर मोजा. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग. म्हणजे दरवर्षी एमएच 14च्या आरटीओच्या दारात जाण्याआधी रात्रभर ठोकळे काढायचे आणि आल्यावर पुन्हा घालायचे. मिस्त्रीच्या पोराचे शिक्षण यातून सहज होईल. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस टेप घेऊनच येईल.

शेठ, आपल्या केबिनखालची जुनी रबरे दबून पापडासारखी झाली आहेत. ती नवी टाका, केबिन आपोआप मूळ उंचीवर येईल आणि खडखडाटही जाईल. बसलेले मागचे पाटे कारखान्यात देऊन त्यांना पुन्हा कमान द्या. कंपनीने सांगितलेल्या मापाचे नवे टायर घाला. खर्च ठोकळे आणि मोठ्या टायरांपेक्षा फार होणार नाही आणि कोणाला काही लपवावे लागणार नाही. एवढे करूनही तीन इंच हवेच असतील, तर हंगाम संपल्यावर घाला. येत्या आठवड्यात माझा दुसरा तोडा आहे आणि मला रिव्हर्स पडणारी गाडी लागेल.

आपला,
भाडे वेळेवर देणारा एक टोमॅटोवाला