काशीस जावे, पण टोटोने

थंडी पडू लागली की घरोघरी विषय निघतो, ‘यंदा काशी करून टाकू.’ करून टाकू म्हणजे तीन दिवसांत, सारनाथ धरून, आणि जमलंच तर येताना प्रयागराज नि अयोध्याही. अशा कर्तबगार मंडळींसाठी चार हिताच्या गोष्टी.

तिकीट काढताना स्टेशनाचं नाव चष्मा लावून वाचा. वाराणसी जंक्शन वेगळं, वाराणसी सिटी वेगळं, काशी वेगळं आणि बनारस वेगळं. यातलं बनारस म्हणजे 2021पर्यंतचं मंडुवाडीह. जंक्शनला गावात कुणी जंक्शन म्हणत नाही, ते ‘कँट’. शिवाय काही गाड्या तुम्हाला गंगेपलीकडे पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवर उतरवून परस्पर पाटण्याकडे निघून जातात. हे 2018पर्यंत मुगलसराय होतं आणि रिक्षावाल्यांच्या लेखी अजून आहे. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं, तेव्हा गाडी किती वाजता पोचेल असं विचारू नये, कुठल्या दिवशी एवढंच विचारावं.

स्टेशनाबाहेर टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा. सांगितलेलं भाडं अख्ख्या गाडीचं की माणशी, हे बसण्याआधी ठरवा. उतरताना विचारलंत तर ते हमखास माणशीच निघतं. गर्दीच्या दिवशी देवळाजवळच्या गोदौलिया चौकाच्या अलीकडेच पोलीस गाड्या अडवतात. ‘बस, पास ही है,’ असं टोटोवाला सांगतो. त्याच्यावर विश्वास ठेवा, पण गुडघ्याचा पट्टा बांधून ठेवा.

विश्वनाथाच्या देवळात मोबाइल नेता येत नाही. हे गल्लीतल्या प्रत्येक दुकानदाराला तुमच्या आधी ठाऊक असतं. ‘लॉकर फ्री, आइए माताजी!’ लॉकर खरोखरच फुकट असतो, फक्त टोपली घ्यावी लागते. टोपलीत झेंडूची माळ, बेलाची पानं, पेढ्यांचा पुडा, दुधाचा इवलासा कुल्हड. किंमत सोडून सगळं असतं. ती परत आल्यावर कळते, आणि तोवर तुमचा फोन त्यांच्या कपाटात.

रांग नको असेल तर देवस्थानाचंच ‘सुगम दर्शन’चं तिकीट आहे. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायला आलेल्या माणसाला निदान रांगेच्या फेऱ्यातून तरी रोख पैशात सुटता येतं. 1780च्या सुमारास अहिल्याबाईंनी देऊळ बांधलं तेव्हा ही सोय त्यांना कशी सुचली नाही कोण जाणे. 2021पासून प्रशस्त झालेल्या आवारात त्यांचा पुतळा आहे. तिथे पोचल्यावर मराठी माणूस छाती पुढे काढून ‘हे आपल्या लोकांनी बांधलं’ असं म्हणतो आणि लगेच साबुदाण्याची खिचडी कुठे मिळते याची चौकशी करतो.

नावेतही तेच. नावाडी बोलीवरून गाव ओळखतो. ‘महाराष्ट्र से?’ मग अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट असे आपलेच घाट निवडून दाखवतो. अभिमान भाड्यात धरलेला असतो. शिंदे घाटाशी रत्नेश्वराचं कललेलं देऊळ दिसेल. त्याला हाताने टेकू दिल्यासारखा फोटो काढायची उबळ येईल, ती आवरा. मणिकर्णिकेवर तर कॅमेरा पिशवीतच राहू द्या. कुणाच्या तरी घरचं माणूस तिथे जळत असतं. तिथे ‘गरिबांच्या लाकडांसाठी’ देणगी मागणारा भेटलाच, तर हात जोडून पुढे चला. पावसाळ्यात पूर आला की नावा बंद होतात आणि गंगेची आरती घाटावरून गच्चीवर जाते.

देव दीपावली म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा. दिवे घरी लावायला काही पडत नाही. तिथे ते बजड्यावरून, म्हणजे मोठ्या नावेतून, पाहायचे तर पडतं, आणि त्या रात्री बजड्याचं भाडं ऐकून पलीकडच्या वाळूत उभं राहण्यातला भक्तिभाव एकदम वाढतो. हिवाळ्यात सकाळी गल्लीत मिळणारी मलइयो मात्र चुकवू नका. केशरी फेस असतो नुसता, जिभेवर टेकेपर्यंत संपतो. काशीत घेतलेल्या पैशांचा मोबदला इतक्या प्रामाणिकपणे देणारं दुसरं काही मला ठाऊक नाही.

रामनगरची रामलीला अनंत चतुर्दशीला सुरू होते आणि महिनाभर चालते. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे दिवे नाहीत. प्रसंग बदलला की प्रेक्षकांनीच उठून पुढच्या जागी जायचं. विसर्जनाच्या डीजेने कान बधिर करून घेतलेल्यांना त्यातलं काही ऐकू येईल अशी खात्री देता येत नाही. तसं टूरच्या कागदावर ‘रामनगर किल्ला, अर्धा तास’ एवढंच असतं, तेव्हा प्रश्न मिटला.

तोच कागद हातात आहे तर सारनाथ कुठल्या वारी घातलंय तेही बघून घ्या. राजमुद्रेवरच्या सिंहांचं मूळ स्तंभशीर्ष तिथल्या संग्रहालयात आहे, आणि संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.