ही कसली गर्दी!

मुंबईकर माणूस सहलीला निघाला की बॅगेत आधी मुंबई भरतो, उरलेल्या जागेत कपडे. जयपूरला हवामहालापुढे उभा राहून तो 'एवढ्या खिडक्या आमच्या चाळीलाही होत्या' असं सांगतो. पण या माणसाचं खरं तेज बघायचं असेल, तर त्याला कोलकात्यात नेऊन सोडावं. उटी-मनाली त्याच्या खिजगणतीत नसतात. तिथे थंडी असते, आणि थंडीवर त्याने कधी हक्क सांगितलेला नाही. कोलकात्याची गोष्ट वेगळी. तिथे घाम आहे, लोकल आहे, फुटपाथवर दुकानं आणि म्हणून रस्त्यावर माणसं आहेत. ज्या हालअपेष्टांचा सातबारा आपल्या एकट्याच्या नावावर आहे अशी त्याची समजूत, त्या तिथे भलतीच माणसं खुशाल भोगत बसलेली. हे त्याच्याने बघवत नाही.

आमच्या गटात असा एक नमुना होता. गीतांजली एक्स्प्रेस सीएसएमटीहून सुटते, हे गृहस्थ कल्याणला चढले. चढताच त्यांनी 'आम्ही मुंबईचे' अशी ओळख करून दिली.

हावडा स्टेशनातून बाहेर पडलं की समोर हुगळी आणि तिच्यावरचा तो अजस्र पूल. 1943 साली वाहतुकीला खुला झालेला, नदीच्या पात्रात एकही खांब नसलेला, नटबोल्टांशिवाय नुसत्या रिव्हेटांवर जोडलेला. आम्ही बाकीचे माना वर करून पोलाद बघत होतो. गृहस्थ खाली बघत होते. डोक्यावर झेंडूच्या माळांचे भारे घेतलेले फूलवाले, हातगाड्या, पिशव्या सांभाळत धावणारे चाकरमाने, सगळ्यांवरून त्यांनी परीक्षकाची नजर फिरवली आणि निकाल दिला, "ही कसली गर्दी! संध्याकाळी सातला दादरच्या पुलावर या." गाइड बिचारा माहितीच्या भरात सांगून गेला की लोकांनी पान खाऊन मारलेल्या पिचकाऱ्यांनी इथलं पोलाद झिजायला लागलं, तेव्हा खालच्या भागाला फायबरग्लासचं आवरण घालावं लागलं. गृहस्थ पहिल्यांदाच गंभीर झाले. पोलाद झिजवण्यापर्यंत मजल गेलेली थुंकी मुंबईत त्यांच्या ऐकिवात नव्हती. मग थोड्या वेळाने, "आमच्याकडे कोपऱ्यात देवांच्या टाइल्स बसवतात," एवढं बोलून त्यांनी बरोबरी साधली.

ट्रामपाशी मात्र त्यांची पंचाईत झाली. हजारो मोटारींच्या मधून घंटा वाजवत, कुणाचीही घाई नसलेल्या वडीलधाऱ्यासारखी ट्राम चालली होती. एखाद-दुसऱ्या मार्गावरच उरली आहे आता. गाइड म्हणाला, इथे घोड्यांची ट्राम 1873 साली आली. मुंबईत ती 1874 साली आली, हे गृहस्थांना ठाऊक होतं. अशा तारखा त्यांना घरच्यांच्या वाढदिवसांपेक्षा पक्क्या ठाऊक असतात. एका वर्षाने हरल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पण ते फार वेळ टिकलं नाही. "बंद मात्र आम्ही आधी केली," ते म्हणाले, "1964 ला!"

मेट्रोचा विषय त्यांनी शिताफीने टाळला. कोलकात्यात ती 1984 साली धावली आणि मुंबईत 2014 साली. तीस वर्षांचा हा फरक कुणी काढलाच, तर ते लगेच 16 एप्रिल 1853 वर, बोरीबंदर-ठाणे गाडीवर उडी घेत. हावड्याहून पहिली गाडी 1854 साली सुटली. हा विजय त्यांनी मुक्कामात इतक्यांदा साजरा केला, की वाटावं इंजिनात कोळसा टाकायला ते स्वतः हजर होते.

खाण्याच्या बाबतीत फार सांगण्यासारखं नाही. फुचका खाताना त्यात रगडा नाही म्हणून ते हळहळले. बिर्याणीत अख्खा बटाटा निघाला तेव्हा 'याचा वडा झाला असता' म्हणून हळहळले. मिष्टी दोईचं मडकं मात्र चाटूनपुसून संपवलं आणि काही बोलले नाहीत. त्यांच्या गप्प राहण्यालाच पसंती समजायचं, हे एव्हाना आम्ही शिकलो होतो.

मराठा म्हणून मान मिळायची एक संधी चालून आली होती. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने 1742 साली कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदकही अर्धवट राहिला, आणि पुढे तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. दुसरा कुणी असता तर छाती फुगवून उभा राहिला असता. गृहस्थांनी त्या रस्त्यावरची वाहतूक बघितली आणि विचारलं, "बुजवला ना? मग खड्डे कुठायत?"

शेवटच्या संध्याकाळी सगळे व्हिक्टोरिया मेमोरियलच्या हिरवळीवर बसले होते. गृहस्थांनी जाहीर केलं की इथली लोकल बघितल्याशिवाय मी परत जाणार नाही. रजा टाकून, पैसे भरून, दीड दिवसाचा रेल्वेप्रवास करून आलेला हा माणूस ऐन गर्दीच्या वेळी सियालदहला लोकल पकडायला निघाला. मी सोबत गेलो. मुक्काम दमदमला होता, तेवढंच अंतर जायचं होतं.

फलाटावर पाऊल टाकताच त्यांच्यात फरक पडला. सॅक पाठीवरून पोटावर आली. गाडी थांबायच्या आत ते दारात होते. तीन माणसांच्या बाकावर चौथा बसायची रीत तिथेही आहे, आणि माकडटोपी घातलेल्या एका बंगाली बाबूंनी किंचित सरकून त्यांना चौथी सीट दिली. अर्धं बूड टेकताच संभाषण सुरू झालं.

"दादा, आप बॉम्बे से?"

"मुंबई! आप?"

"कोलकाता."

"कोलकाता में किधर?"

बाबू जरा घुटमळले. "नैहाटी."

नैहाटी म्हणजे बंकिमचंद्रांचं गाव, सियालदहपासून 38 किलोमीटर. बाबूंनी हे दोन्ही तपशील सांगितले, दुसरा जरा जास्त अभिमानाने. रोज जाऊन-येऊन 76, गेली कित्येक वर्षं. आजूबाजूच्या तीन-चार माकडटोप्यांनी मान डोलावली.

गृहस्थांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. गप्प बसले असते तर मुंबईकर राहिले असते, पण 38 किलोमीटरकडून हार पत्करावी लागली असती.

"अडतीस?" ते उसळून म्हणाले. "हमारा बदलापूर सीएसएमटी से अडसष्ट किलोमीटर है! और बैठने के लिए अंबरनाथवाले पहले उलटा बदलापूर आते हैं!"

डब्यात क्षणभर आदराची शांतता पसरली. मग बाबूंनी माकडटोपी कानांवर नीट ओढली आणि अतिशय सौम्य आवाजात विचारलं,

"लेकिन दादा, अडसष्ट किलोमीटर पे बॉम्बे होता है?"

दमदम यायला अजून वेळ होता. गृहस्थ उठून दारात जाऊन उभे राहिले.