सरहद्दवीर

पाठीवर स्वतःच्या निम्म्या वजनाची बॅग, पायात मुद्दाम न धुतलेले बूट आणि बोलण्यात एखादा नुकताच मागे टाकलेला देश. एवढ्यावरून सरहद्दवीर ओळखावा. थायलंड कसा वाटला असं विचारा, तो देवळांबद्दल अवाक्षर काढणार नाही. मेकाँग ओलांडून लाओसात कसा शिरलो आणि खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट तीनदा कसा उलटापालटा केला, हे मात्र चहा निवेपर्यंत सांगेल. विमानाने देशात उतरणाऱ्यांना तो 'पर्यटक' म्हणतो, तेही शिवी दिल्यासारखं.

हा वीर गडचिरोलीहून एसटीने सिरोंच्याला पोचला. जंगलातला दोनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता कमरेने मोजून झाला होता. उतरताच त्याने चहावाल्याला विचारलं, "पलीकडे तेलंगणात जायला काय काय लागतं?"

"ऑटो."

गोदावरीच्या पुलावर तो मधोमध थांबला आणि रेघ शोधू लागला. मागून शेळ्या आल्या आणि कुठलाही कागद न दाखवता कालेश्वरच्या दिशेने निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी इंद्रावती ओलांडून तो छत्तीसगडालाही पाय लावून आला. तीन राज्यं झाली, वहीत शिक्का एकही नाही. वीर खचला.

मग कोणीतरी त्याला चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्याचं नाव सांगितलं. तिथल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. वीराची कळी खुलली. गावात शिरताच त्याने खाटेवर बसलेल्या आजोबांना गाठलं. आजोबांनी पिशवीतून ऐवज काढला: मतदार ओळखपत्रं दोन, रेशनकार्डं दोन. गावात सरपंच दोन, शाळाही दोन, एक मराठी आणि एक तेलुगू. २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळं झालं, तेव्हा आजोबांचा आंध्राशी असलेला अर्धा संबंध खाटेवरून न उठता सुटला होता. वीराला आयुष्यात प्रथमच कुणाचा हेवा वाटला.

"आजोबा, तुमची तर चैन आहे! सगळं दुप्पट!"

"हाय ना बाबा. हेलपाटेबी दुप्पट. हे म्हनत्यात तिकडं जा, ते म्हनत्यात इकडं जा."

"आणि शेताचा पट्टा? तोही दोन्हीकडचा?"

"तेवढ्यापुरतं गाव कुनाचंच न्हाई."

वीराने वही मिटली आणि आजोबांबरोबर एक सेल्फी काढली. 'दोन राज्यांचा राजा' असं तिचं नावही त्याने तिथेच ठरवून टाकलं.

या वाटेने जाणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती: जिवतीत शिक्का मागू नका. तिथली माणसं तुमच्या कितीतरी आधीपासून त्यासाठी रांगेत उभी आहेत, आणि त्यांना तो वहीवर नव्हे, जमिनीच्या कागदावर हवा आहे.