पाचांतले किती हसरे?

अहो, जरा इकडे या ना, कुंपणापाशी. मोठ्यानं बोलायची सोय नाही, त्यांची खिडकी उघडी आहे. ऐकलंत का, यारी रोडच्या त्या हॉटेलात काय झालं? नाव नको घ्यायला, तुम्हाला कळलंच असेल. गल्ल्याच्या मागे ते स्वच्छतेच्या रेटिंगचं, हसऱ्या चेहऱ्यांचं सर्टिफिकेट लावलंय ना, अन्नसुरक्षावाल्या एफएसएसएआयचं... त्याच्यावर कॅलेंडर टांगलंय! तेही गेल्या वर्षीचं.

बी विंगच्या वहिनींनी स्वतः पाहिलं. पार्सल घ्यायला गेल्या होत्या, पंख्यानं पान उडालं, आणि खाली दिसले किती? पाचांतले तीनच हसरे. दोन वर्षांचीच मुदत असते त्याला, तीही केव्हाच संपलेली. वहिनींनी तिथल्या तिथे विचारलं, "अण्णा, हे हो काय?" अण्णांचा चेहरा असा पडला म्हणता! म्हणे, "पेस्ट कंट्रोलवाला येणार आहे, भाभी." आता वहिनींनी पेस्ट कंट्रोलचं नावसुद्धा काढलं नव्हतं...

तर काय सांगत होते, हे रेटिंग आपल्याकडे सक्तीचं नाही हो. ज्याला मिरवायचंय त्यानं घ्यावं. तपासायला एजन्सीची माणसं येतात, आणि त्यांची फी द्यायची कोणी? हॉटेलवाल्यानंच! माझी भाची कार्डिफला असते ना, तिकडे वेल्समध्ये २०१३ पासून दारावर आकडा लावावाच लागतो. शून्य ते पाच, हिरवं-काळं स्टिकर. शून्य आलं तरी लावायचं. आणि शेजारी इंग्लंडात सक्ती नाही! भाची म्हणते, मावशी, तिकडे काचेवर काही नसलं की आम्ही समजून जातो.

हे मी मासळी बाजारात सांगितलं तर आमची कोळीणबाई हसायलाच लागली. "बाय, कागद कशाला, कल्ले उचलून बघ," म्हणाली. तिचं बरोबर आहे. पापलेटचे कल्ले दिसतात, पण कढईतलं तेल कुठं दिसतं? त्याचाही नियम आहे बरं, २०१८ पासून. तळून तळून त्यात ते पोलर कंपाउंड म्हणतात ते २५ टक्क्यांवर गेलं की तेल फेकायचं. मी वडापाववाल्याला सांगितलं, तर तो म्हणतो, "काकू, तेल फेकलं तर चव कशी येणार?" आणि वडा दिला कशात? वर्तमानपत्रात! त्यालाही कधीचीच मनाई आहे, शाई पोटात जाते म्हणून. मी आपला डबा पुढे केला. बाकीचे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच इन्स्पेक्टर.

अहो, खरी गंमत पुढेच आहे. बिलावर तो एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर असतो ना, २०२२ पासून छापावाच लागतो तो. त्याचा पहिला आकडा बघायचा. १ असेल तर लायसन्स, २ असेल तर नुसतं रजिस्ट्रेशन, म्हणजे टपरी, गाडी, घरगुती धंदा असल्यांचं. वहिनींनी अण्णांचं बिल उघडलं तर काय... २! वर एसी फॅमिली रूम, शनिवारी बाहेर रांग, आणि कागदोपत्री अण्णा टपरीवाले! सगळ्यांचं लक्ष त्या स्मायलींवर, नंबराकडे कोण बघतंय?

आणि हे सांगणाऱ्या वहिनी कोण, तर घरून डबे देणाऱ्या. तळमजल्याच्या काकू लगेच म्हणाल्या, "तुमचं आहे का हो रजिस्ट्रेशन? घरच्या डब्यालासुद्धा लागतं." सगळ्या गप्प. मला वाटलं, आता हिचाही चेहरा पडतो. छे! पर्समधून लॅमिनेट केलेला कागद काढला की हो तिनं. वर्षाला शंभर रुपये, म्हणाली, सहा महिने झाले. मग काकूंचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. त्यांची सून दिवाळीला चकल्या विकते ना, दोनशे-दोनशे ऑर्डरी घेते... थांबा, थांबा, तीच येतेय. काय गं, भाजी आणलीस वाटतं?