ब्रिस्टलच्या जोन्सबाई

"अहो ताई, तुम्हीच काही सांगा आमच्या नातीला. सुट्टीत म्हणून आली आणि दार लावून बसलीय. जेवायला चार हाका मारल्या तर एक हुंकार मिळतो. कसल्याशा चालत्या किल्ल्याचं पुस्तक आहे."

"'हाउल्स मूव्हिंग कासल'? मग खुशाल बसू द्या वहिनी. डायना विन जोन्सचं पुस्तक ते. पण त्या बाईंच्या घरच्या भानगडी ऐकल्यात का तुम्ही?"

"नाही बाई. थांबा, गॅस बारीक करून येते... हं, बोला. नवऱ्याच्या भानगडी?"

"छे! नवरा सरळ माणूस. जॉन बरो, मध्ययुगीन इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक. 1956 साली लग्न, तीन मुलगे. भानगड सगळी माहेरची. बाईंचा जन्म 1934 चा, लंडनचा. पाच वर्षांची असताना महायुद्ध पेटलं. बॉम्बच्या भीतीने लंडनची पोरं बाहेरगावी धाडली, त्यात ही नि धाकटी बहीण इझोबेल. आधी वेल्समध्ये आजी-आजोबांकडे. आजोबा चॅपेलमधले धर्मोपदेशक, वेल्श भाषेत असे गरजायचे की पुढे कित्येक वर्षं ती प्रवचनं हिच्या स्वप्नात यायची. मग तिथून तळ्यांच्या मुलखात, कॉनिस्टनला, कॉलिंगवूड नावाच्या एका लेखक-चित्रकाराच्या जुन्या घरात. हे कॉलिंगवूड म्हणजे जॉन रस्किनचे सेक्रेटरी. रस्किन कोण ते माहितीये ना? गांधीजींवर ज्याच्या पुस्तकाचा एवढा परिणाम झाला, तोच."

"बरं, मग?"

"युद्धाचे दिवस, कागद मिळत नाही. हिला माळ्यावर चांगल्या जाड कागदांचा गठ्ठा सापडला. त्यावर फुलांची चित्रं होती. हिने खोडरबर घेतलं आणि पुसायला बसली, आपली चित्रं काढायला जागा हवी म्हणून. नंतर कळलं, फुलं खुद्द रस्किनच्या हातची!"

"अगं बाई! मार बसला असेल."

"शिक्षा झाली चांगली. आणि मार म्हणाल तर पुढे ऐका. तिथल्याच तळ्यावर एक गृहस्थ हाउसबोटीत राहायचे. काठावर पोरं दंगा करतात म्हणून हे रागावून तक्रार घेऊन आले. कोण असतील? आर्थर रॅन्सम. होड्या वल्हवणाऱ्या, बेटावर तंबू ठोकणाऱ्या मुलांच्या गोष्टी लिहून अख्ख्या इंग्लंडच्या पोरांचे लाडके झालेले. आणि त्या गोष्टी सुचल्या त्या कॉलिंगवूडच्याच नातवंडांवरून, म्हणजे ही मंडळी राहत होती त्याच घरच्या मुलांवरून."

"पुस्तकातली पोरं चालतात, दारातली नकोत. आपल्या कोपऱ्यावरचे आजोबा क्रिकेटचा बॉल जप्त करतात, तसंच झालं."

"आणि ती पीटर रॅबिटवाली बीट्रिक्स पॉटर! तीही त्याच भागातली. हिची बहीण इझोबेल आणि तिची एक मैत्रीण तिच्या फाटकावर लटकून झोके घेत होत्या. म्हातारीने चापट लगावली. लेखक काही पुस्तकाच्या पुठ्ठ्यातून उगवत नाहीत, हाडामांसाचे असतात आणि चांगले तिरसटही असतात, हे हिला तेव्हाच समजलं. आठव्या वर्षी बाईंनी जाहीर केलं की मी लेखिका होणार. आईवडील हसले. वाचाय-लिहायची अडचण होती ना हिला, डिस्लेक्सिया."

"आता आई काय करत होती ते सांगा. तुम्ही माहेरची भानगड म्हणालात."

"तिथेच येतेय. 1943 साली घर एसेक्समधल्या थॅक्स्टेडला हललं. आईवडील तिथे तरुण मंडळींसाठी शिबिरांचं केंद्र चालवायचे. परगावच्या पोरांना व्याख्यानं, संगीत, नाच, सगळं. आणि स्वतःच्या तिघी मुली, ह्या दोघी नि सगळ्यात धाकटी अर्सुला? त्या अंगणापलीकडच्या दोन खोल्यांच्या पडवीत. शेकोटी नाही, जमिनीला ओल. मोठ्या घरात पाहुणे, मुली पलीकडे."

"आणि जेवणखाण?"

"तेही मुलींनीच बघायचं बऱ्याचदा. पण कळस पुढे आहे. वडील कवडीचुंबक. मुलींना पुस्तकं हवीत म्हणून त्यांनी एकदाच रॅन्समच्या पुस्तकांचा संच आणला, कपाटात ठेवून कुलूप लावलं, आणि दर नाताळाला एक पुस्तक काढायचे. तिघींत मिळून एक!"

"म्हणजे ज्याने ओरडून पळवलं त्याच माणसाची पुस्तकं, तीही हप्त्याने?"

"बघा की! मग भूक भागणार कशी? तर ही वह्यांमध्ये गोष्टी लिहायला लागली आणि रात्री बहिणींना वाचून दाखवायची. लोक मोठ्या थाटात 'प्रेरणा' शोधतात, पण मला विचाराल तर बाईंची प्रेरणा म्हणजे ते कुलूप."

"पण ताई, असं घर असलं की माणूस स्वप्नात पळून जातो. म्हणून जादूच्या गोष्टी लिहिल्या असतील."

"तिथेच लोक चुकतात वहिनी. पळाली नाही ती, घरातलंच सगळं चव्हाट्यावर मांडलं. 1981 ची 'द टाइम ऑफ द घोस्ट' आहे ना, त्यात शाळा चालवणारे आईवडील आणि चार दुर्लक्षित बहिणी. एक बहीण ठरवून नाहीशी होते, आपण नसल्याचं आईबापांच्या लक्षात येतंय का बघायला. लक्षात येत नाही! बाई म्हणायच्या, खरं होतं तसंच्या तसं लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता, म्हणून सौम्य केलं. आणि 'चार्म्ड लाइफ' घ्या, 1977 चं. कॅट नावाच्या मुलाला नऊ जीव असतात आणि त्याची सख्खी बहीण ते एकेक करून आपल्या जादूसाठी खर्च करते. त्या बापड्याला पत्ता नाही. घरातलं माणूस आपल्याला कसं वापरतं ते बारा वर्षांच्या पोराला याहून सरळ कुणी सांगितलंय? गार्डियनचं बक्षीस मिळालं त्याला. आणि हॅरी पॉटरच्या वीस वर्षं आधी, बरं का. हॅरी गाजल्यावर प्रकाशकांना जोन्सबाईंची आठवण झाली, जुनी पुस्तकं पुन्हा छापली."

"कॉलेजबिलेज झालं होतं का?"

"ऑक्सफर्ड! सेंट ॲन्स कॉलेज, 1953 पासून. तिथे सी. एस. लुईस आणि टॉल्किन शिकवायला."

"ते अंगठीच्या सिनेमावाले?"

"तेच. लुईस खणखणीत बोलायचे, वर्ग भरून वाहायचा. टॉल्किन मात्र फळ्याकडे तोंड करून पुटपुटायचे. बाईंचं म्हणणं, पोरं कंटाळून जावीत आणि आपण घरी जाऊन पुस्तक पुरं करावं, असा त्यांचा बेत होता. पण ही हटली नाही. साध्या प्रवासाच्या गोष्टीची मोठी शोधयात्रा कशी होते, ते त्या पुटपुटण्यात होतं ना!"

"चिवट हो बाई! आणि तो किल्ला?"

"तो 1986 चा. एका शाळेत गेल्या होत्या, तिथे एका मुलाने विचारलं, 'चालता किल्ला' अशी गोष्ट लिहाल का? बाईंनी त्याचं नाव टिपून ठेवलं आणि तो कागद इतका जपून ठेवला की परत सापडलाच नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला त्याचे आभार आहेत, बिननावाचे. त्यातली सोफी तिघी बहिणींत थोरली, आणि थोरलीचं काही भलं होत नाही असं तिने मनाशी धरलेलं. आता लेखिकाही तिघींत थोरली, हे आलंच लक्षात. चेटकीण सोफीला म्हातारी करते, तर ती घाबरायच्या ऐवजी फटकळ होते, झाडू घेते आणि जादूगार हाउलचं घर घासायला काढते."

"मला आवडली ही. आमची नात तर सिनेमाही पाहिला म्हणत होती."

"मियाझाकीचा, 2004 चा जपानी. त्यात युद्ध फार आणलंय. बाईंना सिनेमा आवडला होता. दोघंही युद्धातली पोरं, पण त्यांनी युद्ध पडद्यावर आणलं, हिने पुस्तकात युद्धाला फारशी जागाच दिली नाही. मला विचाराल तर पुस्तकातला हाउल जास्त चांगला. सिनेमातला देखणा आहे, पुस्तकातला नटवा, भित्रा, न्हाणीघर अडवून बसणारा."

"म्हणजे नवरा म्हणून नको."

"शिवाय बाई मिश्कील किती! 1996 साली जादूनगरीची प्रवासी मार्गदर्शिका लिहिली, सगळ्या फँटसीवाल्यांची टोपी उडवणारी. तिथे म्हणे खायला एकच पदार्थ, स्टू. रानात मुक्काम, मागे शत्रू, तरी मंडळी मांस शिजत ठेवणार."

"कुकर नसेल तर तीन तास लागतील त्याला!"

"हेच बाईंचं म्हणणं. स्वयंपाक केलेली बाई होती ना. 2011 च्या मार्चमध्ये ब्रिस्टलला गेल्या, कर्करोगाने. एक कादंबरी अर्धी राहिली होती. ती धाकट्या बहिणीने, अर्सुलाने पुरी केली. 2014 ला आली, 'द आयलंड्स ऑफ चाल्डिया'. मोठीचं कुठे संपतं आणि धाकटीचं कुठे सुरू होतं ते मी शोधून दमले."

"पडवीत रात्री गोष्टी ऐकणारी ती धाकटी? मग तिला सगळं पाठच असणार. आमच्या दोन्ही नणंदा एकमेकींचं वाक्य अर्ध्यावर घेतात, आणि घेतलेलं वाक्य नेमकं माझ्यावर असतं. थांबा ताई, काहीतरी करपल्याचा वास येतोय. पण ते कुलूपवाल्या बापाचं पुस्तक, काय नाव म्हणालात, घोस्ट? संध्याकाळी टाका इकडे. नातीच्या आधी मी वाचते."