पौर्णिमेची पाऊणपट

ट्रेकिंगचं सामान घेऊन झालं की निम्मा ट्रेक पार पडल्यासारखं वाटतं. उरलेला निम्मा नाही झाला तरी काही बिघडत नाही, आणि माझा तो सहसा होतही नाही. या खेपेला साडूंनी घात केला. त्यांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, डोक्याला बांधायची बॅटरी घेतली आणि ‘केळशी ते आंजर्ला किनाऱ्याकिनाऱ्याने चालत, वाटेत तंबूत मुक्काम’ असा बेत सगळ्या गणगोताला कळवून टाकला. माझं नाव घालून.

अंतर तसं किरकोळ. उटंबर, आडे, पाडले करत आंजर्ल्याला चांगला डांबरी रस्ता जातो. पण रस्त्याने गेलं तर तो प्रवास आणि पाण्याच्या कडेने गेलं तर ती मोहीम, असं साडूंचं म्हणणं. बायका गाडीने पुढे जाणार, कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घेणार, मोदक खाणार. आम्ही दुसऱ्या दिवशी पोचणार.

माझ्या बायकोचं माहेर दापोली तालुक्यातलं. तिने एवढंच विचारलं, “त्या दिवशी तिथी कोणती?”

“आम्ही चालायला निघालोय, वास्तुशांतीला नाही,” मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

बरं, भरती-ओहोटीचा अभ्यास केला नव्हता असंही नाही. उटंबरच्या डोंगराचं टोक समुद्रात घुसलंय, त्याच्या पायथ्याचे खडक ओहोटीलाच ओलांडता येतात, हे मी विचारून ठेवलं होतं. ओहोटीची वेळ, संध्याकाळी सव्वापाच, कागदावर लिहून तिच्याखाली लाल रेघ मारली होती. ओहोटीनंतर काय येतं ते कागदावर नव्हतं.

केळशीच्या महालक्ष्मीला नमस्कार करून दुपारी निघालो. भारजा नदीच्या मुखाशी वाळूची मोठी टेकडी आहे. ही वाळू काही शतकांपूर्वी त्सुनामीने आणून टाकली असावी, असा तर्क डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी मांडलाय. तो मी साडूंना तिथेच ऐकवला. समुद्राच्या ताकदीविषयी मी बराच वेळ बोललो. साडूंनी मान डोलावली आणि तंबू माझ्या पाठीवर दिला.

पुळण संपली आणि खडक सुरू झाले. कोकणातला किनारा चित्रात दिसतो तो वाळूचा. तशा दोन चित्रांच्या मधला हा भाग कोणी भिंतीवर लावत नाही. काळा कातळ, त्याला चिकटलेली कालवं, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. हात टेकावा तर तळवा कापतो, न टेकावा तर शेवाळावरून पाय जातो. आम्ही लवकरच उभं राहण्याचा नाद सोडला आणि बसल्या बसल्या सरकू लागलो. समोरून कालवं काढणारी एक बाई आली. डोक्यावर पाटी, पाय अनवाणी, चाल बाजारात निघाल्याची.

“कुठं चाललात?”

“आंजर्ल्याला,” साडू बसूनच म्हणाले.

“मग रस्ता काय बंद हाय?”

याला उत्तर नव्हतं. ती गेली. नंतर मला माझ्या विजारीचा मागचा भागही गेल्याचं कळलं.

पलीकडच्या पुळणीवर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता आणि पाठीमागे डोंगरावर माघातला पूर्ण चंद्र उगवत होता. माणूस नाही, आवाज नाही, आणि वाळू तर हवी तेवढी. समुद्र इतका लांब गेला होता की त्याच्याशी आपला काही संबंध येईल असं वाटेना. आधी सुरूच्या झाडांखाली तंबू लावायला घेतला. पण तिथली वाळू कोरडी, भुसभुशीत. मेख ठोकली की हलक्या झुळकेनेही उपटून यायची. खाली पाण्याच्या बाजूला मात्र वाळू ओली आणि घट्ट. तिथे एका ठोक्यात मेख बसली. ती वाळू ओली का आहे, हा विचार दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. दोघेही पदवीधर.

थालीपिठं खाऊन आठाच्या आतच आडवे झालो.

समुद्र गर्जना करत येतो ही कवींची पसरवलेली अफवा आहे. तो गुपचूप येतो. साडेनऊच्या सुमाराला माझी पाठ गार पडली. मी साडूंना म्हणालो, “तुमची पाण्याची बाटली सांडली.” ते म्हणाले, “माझी नाही, तुमची.” या मुद्द्यावर थोडी चर्चा झाली. तेवढ्यात माझी चप्पल तंबूच्या दाराशी तरंगत आली, आत डोकावली आणि परत गेली.

साडूंनी कपाळावरची बॅटरी लावली आणि बँकेतल्या आवाजात म्हणाले, “माझे सासरे एक हिशेब सांगायचे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. आज पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पाणी अजून पावणेदोन तास चढणार. त्यात पौर्णिमेचं उधाण.”

त्यांचे सासरे म्हणजे माझेही सासरेच. मलाही त्यांनी हा हिशेब सांगितला असणार. मी बहुधा तेव्हा आंबा खात होतो.

तंबू सोडायला वेळ नव्हता. सामानासकट, दोन्ही बाजूंनी धरून, मागे चालत आम्ही तो ओढू लागलो. दहा पावलं ओढायचा, बसायचं, धापा टाकायच्या, पुन्हा ओढायचा. सुरूपाशी पोचलो तेव्हा साडूंची बॅटरी, माझी एक चप्पल आणि सगळ्या मेखा समुद्राकडे जमा होत्या. तंबूचं कापड अंगावर घेऊन तिथेच पडलो.

पहाटे बरगडीत काठी टोचली. डोळे उघडले तर एक तरुण पोरगा काठीने वाळू चाचपत उभा.

“आयला, माणसं आहेत!” तो म्हणाला. त्याचा आवाज निराश होता.

तो कासवमित्र. थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने वेळासला 2002 साली हे संरक्षणाचं काम सुरू केलं, मग ते गावोगाव पसरलं. ही पोरं पहाटे किनारा धुंडाळतात, मादीचा माग काढतात, काठीने मऊ वाळू हुडकतात आणि कुत्र्या-कोल्ह्यांच्या आधी अंडी उचलून कुंपणाच्या आत नेऊन पुरतात. आज त्याला भरतीच्या रेषेपासून सुरूपर्यंत आलेला रुंद माग दिसला होता. मधे मधे थांबलेला, धापा टाकल्यासारखा. एवढी मोठी मादी त्याने आजवर पाहिली नव्हती.

पुढे खरा मागही सापडला. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर रात्री एक मादी येऊन गेली होती. भरतीच्या रेषेच्या बरोबर वर, कोरड्या वाळूत दीडेक फूट खड्डा, आत शंभरेक अंडी, वरून वाळू सारवून बाई परत. “ती बॅटरी गेली ते बरं झालं काका,” पोरगा म्हणाला. “उजेड दिसला तर कासव अंडी न घालताच फिरतं.”

मग त्याने वही काढली. तारीख, वेळ, मागाची रुंदी. आमचाही माग त्याने टेपने मोजला.

“आमची कशाला नोंद?” मी विचारलं.

“जो माग दिसेल त्याची करायची. अंडी नाहीत, एवढं लिहितो.” प्रजातीच्या रकान्याशी त्याचं पेन थांबलं. त्याने आम्हा दोघांकडे नीट पाहिलं.

“काका, तुम्ही पुण्याचे ना?”