मार्व्हलभाऊ

"ॲक्टिंग म्हनसान तं एकट्या व्हिलननं केली सर. बाकीचे नुसते उडत होते."

खेळ सुटून बराच वेळ झालेला असतो, झाडूवाला हॉलमध्ये शिरलेला असतो, आणि सगळ्यांत शेवटी मार्व्हलभाऊ टॉकीजच्या पायऱ्या उतरत हा निकाल देतो. उशिराचं कारण उघड आहे. सगळी नावं सरकून झाल्यावर पडद्यावर एक छोटा तुकडा दाखवतात, तो पाहिल्याशिवाय उठणाऱ्याला तो प्रेक्षक मानत नाही. बाहेर पानठेल्यावर पोरं थांबलेली असतात. सिनेमा त्यांनीही पाहिलेला असतो, पण तो चांगला होता की नाही हे त्यांना अजून कळायचं असतं.

मार्व्हलभाऊ हे नाव गावानं ठेवलं, आणि ते चुकीचं आहे असं त्याचं ठाम मत आहे. कारण तो डीसीचेही सिनेमे तितक्याच निष्ठेनं पाहतो. सुपरमॅन, बॅटमॅन आणि जोकर हे डीसी घराण्याचे. स्पायडरमॅन, आयर्नमॅन, थॉर हे मार्व्हलचे. या दोन घरांत पडद्यावर रोटीबेटी व्यवहार नाही. 'बॅटमॅन एवढा मार खात होता तं स्पायडरमॅन काऊन नाही आला?' असं कुणी विचारलं की भाऊचा चेहरा पत्रिका न जुळलेल्या मुलीच्या बापासारखा होतो.

पुसदनं महाराष्ट्राला वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले. रेल्वे मात्र अजून यायची आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम चालू आहे. तोवर बाहेरचं जग आमच्याकडे येतं ते एसटीनं, ट्रॅव्हल्सनं, नाहीतर हिंदीत डब होऊन. मार्व्हलभाऊ या तिसऱ्या वाहतुकीचा स्टेशनमास्तर. एरवी तो एका कृषी केंद्रात काउंटरवर असतो, त्यामुळे त्याचं सिनेमाचं पंचांग हंगामावर चालतं. 'स्पायडरमॅन : नो वे होम' डिसेंबर २०२१ मध्ये आला, हे तो 'कापसाच्या वेचणीत आलता' असं सांगतो. 'सुपरमॅन' ११ जुलै २०२५ ला लागला, म्हणजे डवरणीत. युरियासाठी काउंटरवर माणसं उभी आणि भाऊचा डोळा भिंतीवरच्या घड्याळावर, कारण पहिला खेळ चुकवायचा नसतो.

'ॲव्हेंजर्स : एंडगेम' लागला तेव्हा २०१९ चा एप्रिल संपत आला होता. आमच्या यवतमाळ-वाशीम मतदारसंघात ११ एप्रिललाच लोकसभेचं मतदान होऊन गेलं होतं आणि निकाल होता २३ मेला. बोटावरची शाई वाळलेली, ऊन डोक्यावर, बोलायला विषय नाही. अशा वेळी तीन तास एक मिनिटाचा सिनेमा आला. निम्मं गाव तर सावलीसाठीच आत गेलं असेल. भाऊनं पहिल्याच दिवशी पाहिला आणि संध्याकाळी एका लग्नाच्या पंगतीत, बुंदी वाढणाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "आयर्नमॅन गेला." मुलाकडची वडीलधारी मंडळी घास हातात धरून थांबली. कोण गेलं, कुठले होते, वय काय होतं, अशी विचारपूस सुरू झाली. शेवटी एका पोरानं खुलासा केला तेव्हा पंगत पुढे सरकली. ज्यांनी तिकिटं काढून ठेवली होती अशी चार पोरं मात्र भाऊशी बरेच दिवस बोलत नव्हती. सिनेमाचा शेवट फोडणं हा जगभर गुन्हा मानला जातो. भाऊच्या मते महाभारताचाही शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून कीर्तनाला कुणी जायचं थांबत नाही. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पण भाऊला नुसता बडबड्या समजू नका. त्याच्याकडे अभिनयाची एक उपपत्ती आहे आणि ती मला कुठल्याही वर्तमानपत्री परीक्षणात सापडलेली नाही. ती अशी : "ड्रेस उतरवला का ॲक्टिंग सुरू होते." (हे वाक्य त्यानं एकदा भर चौकात मोठ्यानं म्हटलं आणि दोन बायका पदर सावरून पलीकडच्या बाजूनं गेल्या.) त्याचं म्हणणं, उडण्याचं काम दोर आणि कंप्युटर करतात. मुखवट्याखाली माणूस रडतो का जांभई देतो हे कुणाला कळत नाही. खरी परीक्षा साध्या कपड्यांत.

ही उपपत्ती तो दूरदर्शनवर शिकला. १९९७ मध्ये 'शक्तिमान' सुरू झालं तेव्हा भाऊ शाळेत होता. बाकीची पोरं मुकेश खन्नांसारखी गरगर फिरून भोवळ येऊन पडत. भाऊला मात्र गंगाधर आवडायचा, तो दातपुढ्या, चष्मेवाला, बावळट. 'उडनं सोपं हाय सर, येडं दिसनं कठीन.' पुढे त्यानं १९७८ चा जुना 'सुपरमॅन' मोबाइलवर पाहिला. त्यात ख्रिस्तोफर रीव्ह एका प्रसंगात चष्मा काढतो, खांदे मागे नेतो, पाठ ताठ करतो, आवाज बदलतो आणि क्लार्क केंटचा सुपरमॅन होतो. मग धीर सुटतो, पुन्हा पोक काढतो आणि क्लार्क होतो. ना ड्रेस बदलला, ना उडाला. भाऊनं हा तुकडा काउंटरवर आलेल्या गिऱ्हाइकांनाही दाखवला आहे. बियाण्याची पिशवी हातात धरून एक शेतकरी तो पाहत होता. त्याचं मत पडलं, 'आमच्या सरपंचाले जमते हे. निवडनुकीच्या आंधी वाकते, निवडून आला का ताठ.'

'नो वे होम'मध्ये तीन स्पायडरमॅन एकत्र आले तेव्हा टॉकीजमध्ये शिट्ट्या आणि किंकाळ्यांनी कान बसले. टोबी मॅग्वायर, अँड्र्यू गारफील्ड, टॉम हॉलंड. पोरांच्या लेखी तो क्षण एन्ट्रीचा. भाऊचा क्षण वेगळा. शेवटी एक मुलगी उंचावरून पडते आणि गारफील्ड तिला झेलतो. २०१४ च्या त्याच्या सिनेमात त्याच्या प्रेयसीला तो असाच झेलायला गेला होता आणि ती वाचली नव्हती. मुलीला खाली उतरवताना त्याचा चेहरा उघडा आहे. 'तुमी ठीक हाय का' असं ती त्यालाच विचारते. "थे पाह्यलं का सर तुमी? पोरगी वाचली आन रडते हा." एवढं बोलून भाऊ चुना मागायला पानठेल्याकडे वळला आणि तिकडेच तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

पानठेल्याचा विषय निघालाच आहे तर जोकरची गोष्ट सांगायला हवी. 'द डार्क नाइट' जुलै २००८ चा. हीथ लेजर त्याआधीच, जानेवारीत गेला होता. ऑस्कर त्याला मरणोत्तर मिळालं. जगभरच्या जाणकारांनी त्याच्या जोकरवर पानंच्या पानं लिहिली. तो सारखे ओठ का चाटतो, जीभ का फिरवतो, थांबून थांबून का बोलतो. त्यात कुणी वेडाचा अभ्यास पाहिला, कुणी सापाची लकब. आमच्या पानठेल्यावर हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत निकालात निघाला. खर्रा घोटणाऱ्यानं मोबाइलमधला तुकडा पाहिला, हात न थांबवता म्हणाला, "याच्या गालात खर्रा हाय." सगळे हसले. भाऊ हसला नाही. त्यानं तुकडा पुन्हा लावला, एकदा, दोनदा, आणि गंभीरपणे मान हलवली. गालात ऐवज धरून बोलणाऱ्या माणसाचा जबडा जसा चालतो तसाच तो चालत होता. लेजर पुसदला कधी आला नव्हता, तरी इतकं बारीक निरीक्षण केलं म्हणून भाऊनं त्याला जागेवर आणखी पाच मार्क वाढवून दिले.

मार्क शंभरापैकी असतात. पस्तीसला पास. 'रा.वन'ला त्यानं ग्रेस देऊन काठावर आणलं, 'क्रिश'ला फर्स्ट क्लास, आणि 'मिस्टर इंडिया'तल्या अमरीश पुरींना तो मार्कच देत नाही. परीक्षकाला मार्क द्यायचे नसतात म्हणतो.

एकदाच मला वाटलं की भाऊ सापडला. आयर्नमॅन झालेल्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरच्या 'डायलॉग डिलिव्हरी'वर तो बोलत होता. काय आवाज, काय फेक, प्रत्येक टोमणा कसा जागेवर. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही हिंदीत पाहिला. तो आवाज राजेश खट्टर यांचा आहे. डाउनीचा आवाज तुम्ही ऐकलेलाच नाही."

ठेल्यावर शांतता पसरली. भाऊनं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला.

"डोये कोनाचे?"

"डोळे त्याचेच."

"मंग त्याचे मार्क कायम. आवाजाचे कापून खट्टर साहेबाले द्या."

मग त्यानं मलाच शिकवलं. 'डेडपूल २'मध्ये हिंदीतून शिव्या घालणारा रणवीर सिंग. 'स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' २०२३ मध्ये भारतात दहा भाषांत आला आणि त्यांत मराठीही होती, त्यातल्या भारतीय स्पायडरमॅनला हिंदीत आवाज दिला क्रिकेटवाल्या शुभमन गिलनं. आणि 'पुष्पा'चा हिंदी आवाज म्हणजे आपला श्रेयस तळपदे. याच तळपदेनं २०१५ मध्ये निखिल महाजनच्या 'बाजी'त मुखवटा चढवला होता. मराठीतला सुपरहिरो! 'बाजी' कुणी टॉकीजमध्ये पाहिला, असं भाऊनं विचारलं तेव्हा सगळे चुन्याच्या डबीकडे बघायला लागले. "दुसऱ्याच्या तोंडून बोलला तं शिट्ट्या, सोताच्या तोंडानं बोलला तं खुर्च्या खाली. मराठी मानसाले मार्क भेटत नाही सर, हजेरीच कमी पडते." हे वाक्य मला लागलं, कारण मीही 'बाजी' टीव्हीवरच पाहिला होता.

सेन्सॉरशी त्याचं जुनं वैर आहे. 'ब्लॅक पँथर'मध्ये आफ्रिकेतल्या एका टोळीचा राजा हनुमानाचा जयजयकार करतो; आपल्याकडे २०१८ मध्ये नेमका तो शब्द मुका केला. ज्यानं सगळ्यांच्या आधी उड्डाण केलं त्याचंच नाव कापायचं, हे त्याला अजून पचलेलं नाही. नव्या 'सुपरमॅन'मध्ये नायक-नायिकेचं चुंबन तेहतीस सेकंदांनी कापलं. भाऊचा आक्षेप शृंगारासाठी नाही, मूल्यमापनासाठी आहे. उडता उडता प्रेम करणं ही ॲक्टिंगची तोंडी परीक्षा. पेपरचं तेवढंच पान फाडलं तर मार्क कसे द्यायचे?

तरी त्या सिनेमावर आमच्याकडे झाली तेवढी चर्चा मी ऐकलेली नाही. डेव्हिड कोरेनस्वेटची लाल चड्डी पुन्हा बाहेरून आली, त्यावर एक दिवस गेला. पण वाद पेटला तो खारीवरून. भला मोठा राक्षस शहर तुडवत असताना सुपरमॅन मध्येच झेप घेऊन एका खारीला वाचवतो. भाऊला तो तुकडा फार आवडला. न बोलता, नुसत्या नजरेतून माणूस दाखवला म्हणाला. पण त्या दिवशी ठेल्यावर शेतकरी जास्त होते.

"आज खार वाचवते, उद्या रोही वाचवन," एक जण म्हणाला. "माह्यं सोयाबीन रोह्यानं खाल्लं. मंग भरपाई कोन देन, हा का तहसीलदार?"

"रानडुक्करबी वाचवन," दुसऱ्यानं भर घातली. "याले पुसदले नका येऊ देऊ."

भाऊनं खारीचा बचाव करून पाहिला. बहुमत विरोधात गेलं. त्या चर्चेत एकट्या कुत्र्यावर एकमत झालं. सुपरमॅनचं क्रिप्टो नावाचं पांढरं कुत्रं ऐकत कुणाचं नाही, पण उडतं आणि चावतं. असं एक जागलीला मिळालं तर रात्री बांधावर झोपता येईल, यावर सगळ्यांनी माना हलवल्या. भाऊनं निकाल वाचला : कोरेनस्वेट बहात्तर, लेक्स लुथर झालेला निकोलस हूल्ट अठ्ठ्याहत्तर, कुत्रं पंच्याऐंशी.

मी सांगितलं की ते कुत्रं कंप्युटरवर केलेलं आहे. दिग्दर्शक जेम्स गननं घरी ओझू नावाचं एक उपद्रवी कुत्रं पाळलं होतं, त्याच्यावरून ते उतरवलं. भाऊनं क्षणभर विचार केला आणि मार्क ओझूच्या नावावर चढवले. निकाल अंतिम आहे. पुसदला फेरतपासणीची सोय नाही.